कागदावरचं कूळ

मुल्लानपूरला आता न्यू चंदीगड म्हणतात. शेतांचे प्लॉट पडले, क्रिकेटचं स्टेडियम आलं, आणि दारातली कुत्रीही बदलली. जूनच्या उन्हात एसीत पडून राहणाऱ्या हस्कीचं इथे कुणाला नवल नाही. आता कुरळ्या केसांचे डूडलही संध्याकाळी फिरायला निघतात.

डूडलचं कूळ काही फार जुनं नाही. 1989 च्या सुमारास वॉली कॉनरन हे ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत होते. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. कॉनरननी लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. सुलतान नावाचं एक कामाला आलं. उरलेली सांभाळायला मात्र कुणी तयार होईना. क्रॉस कोण घेणार? मग वर्तमानपत्रांतून ‘लॅब्राडूडल’ हे नाव झळकलं आणि फोन थांबेनात. पिल्लं तीच होती. पुढे वाटेल तशी पैदास सुरू झाली, तेव्हा कॉनरननी आपला पश्चात्ताप उघड बोलून दाखवला. तोवर ब्रीडरांत तट पडले होते. कुणी म्हणे, लॅब्राडोर आणि पूडल, बस्स. कुणी त्यात कॉकर स्पॅनियलचं रक्त घालून तेच अस्सल घराणं ठरवलं. संकरालाही सोवळं असतं तर!

हसण्याआधी आपलं अंगण पाहावं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कुत्री जोपासली. एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली असं सांगतात. लातूर-सोलापूरकडे त्याच जातकुळीचा कुत्रा कारवानी, आणि कानाशेपटीला लांब केस असले की पश्मी. निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट. ससा उठला की पळताना चारी पाय जमिनीवरून सुटतात. हे रूप कुणी शोसाठी घडवलेलं नाही, माळावरच्या धावेने घडवलंय. पण केनेल क्लब ऑफ इंडियाकडे तो कॅरव्हान हाउंड, इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे मुधोळ हाउंड. 2005 च्या टपाल तिकिटावर मुधोळ, आणि इथून दिल्लीच्या वाटेवरच्या कर्नालला, देशी पशुजातींची सरकारी नोंद होते तिथेही मुधोळच. 2020 मध्ये ‘मन की बात’मध्ये नाव आलं. एवढा मान मिळाल्यावर अस्सल माल कोणाचा, हे भांडण आलंच.

या भांडणात सगळे बापाबद्दल बोलतात. स्टड कोणता, चॅम्पियन लाइन आहे का, पेपर आहेत का. वेताला बसलेली कुत्री मागच्या खोलीत असते. तिची चौकशी क्वचितच होते. 2017 च्या केंद्रीय नियमांनी निदान तिचा हिशेब मांडला: 18 महिन्यांच्या आत वीण नाही, लागोपाठच्या माजांना नाही, जन्मभरात पाचांहून जास्त वेतं नाहीत. ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची. नियम चांगले आहेत. विचारणारं गिऱ्हाईक हवं.

तेव्हा पिल्लू घ्यायला जाल, मुल्लानपुरात असो की मिरजेत, आधी नोंदणी मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू देत असतील तर परत फिरा. आणि पेपर नंतर बघू, आधी आई दाखवा म्हणा.