मान्यता आणि करार

सरकारने मान्य केलेला हक्क आणि सरकारशी करार करून मिळविलेला हक्क, यांत नैतिक दृष्ट्या काही भेद आहे काय? आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य आदेशांवर सह्या करण्यात जाते. तेव्हा हा प्रश्न आपणांस अगदीच परका वाटू नये.

बंगळूरच्या दक्षिणेस, चामराजनगर जिल्ह्यात, बिळिगिरीरंगन डोंगर आहेत. मध, आवळा, दगडफूल गोळा करणाऱ्या सोलिग लोकांचे ते पूर्वापार रान. १९७४ मध्ये ते अभयारण्य ठरले आणि त्यांचे पोडू, म्हणजे पाडे, हलविले गेले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्याच प्रस्तावनेत कबूल केले. २०११ च्या आरंभी तेथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात २५ ग्रामसभांना सामूहिक हक्कपत्रे मिळाली. व्याघ्रप्रकल्पात असे देशात प्रथमच घडले.

या कायद्याचा शब्द मोठा सूचक आहे. तो हक्क नव्याने बहाल करीत नाही, ‘मान्य’ करतो. म्हणजे हक्क आधीचाच. परंतु मान्य करणारा पक्ष एकच. उद्या संसदेने कायदा बदलला, तर दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला कोणता कागद सोलिगांनी पुढे करावा?

कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोकांपाशी असा कागद आहे: १९९३ चा नुनावुत करार. तेथील राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात १९८३ साली दुरुस्ती होऊन भूमिहक्कांच्या करारांतील हक्कांना तहातील हक्कांचे संरक्षण मिळाले; करार आणि साधा कायदा यांत विरोध आला, तर करार वरचढ. सरकार शब्द पाळत नाही म्हणून इनुइटांच्या संस्थेने २००६ मध्ये फिर्याद केली, आणि २०१५ मध्ये सरकारने २५.५५ कोटी डॉलर देण्याचे कबूल करून ती मिटविली. ज्याच्याशी करार केला, तो असा दारात उभा राहून जाब विचारू शकतो.

परंतु त्या सहीचे मोलही पडले. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर भूमीची मालकी आणि रोख रक्कम घेताना इनुइटांनी आपला पूर्वापार भूमिहक्क कायमचा सोडून दिला. असा त्याग सोलिगांकडे कोणी मागितला नाही. त्यांचा कागद एकतर्फी खरा, पण त्यासाठी वाडवडिलांचे रान कोणाला लिहून द्यावे लागले नाही. हा भेद मला लहान वाटत नाही.

शिवाय, करार तरी कितीसा अभंग? म्हैसूरच्या महाराजांचा २६ लाखांचा वार्षिक तनखा करारात होता, घटनेतही होता. राष्ट्रपतींनी संस्थानिकांची मान्यता काढून घेतली, तेव्हा १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेच संपविले. तो निर्णय मला योग्यच वाटतो. तथापि दिलेला शब्द मोडला गेला हे नाकारता येत नाही. एवढेच, की तो मोडण्यासाठी संसदेला घटनेला हात घालावा लागला, आणि तेही साऱ्या देशाच्या देखत.

सोलिगाचा हक्क बुडविण्यास इतका खटाटोप लागत नाही. मधाची घागर घेऊन तो जंगलाच्या फाटकाशी येतो, पत्र दाखवितो. ‘वरून आदेश आलेला नाही’ एवढे कोणी म्हटले, की त्या दिवसापुरता कायदा संपला. त्याची कोठे नोंदही होत नाही.