‘अचानक’ मेले म्हणे!

डबा टेबलावर ठेव आणि झाकण काढ. रडणं नंतर. श्रीखंडाच्या डब्यात तीन गोल्डफिश, पाणी शाई ओतल्यासारखं निळं, आणि वर सांगतोस काय, ‘सर, अचानक मेले.’ जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्या मुलाच्या तोंडी हा शब्द? अचानक वीज पडते. तुझे मासे रविवारपासून मरत होते आणि तू बाटलीवरचं लेबल वाचत बसला होतास.

रविवारी तुला एका माशावर पांढरे ठिपके दिसले. लगेच मोबाइल उघडलास, ‘पांढरे ठिपके’ हा रोग सापडला आणि दुकानात पळालास. आता हे भिंग घे आणि तोच मासा नीट बघ. ठिपके कुठे आहेत? कल्ल्याच्या झाकणावर. आणखी? छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर, एका ओळीत. पोटावर आहेत? शेपटीवर? नाहीत ना? अरे शहाण्या, गोल्डफिशचा नर वयात आला की विणीच्या दिवसांत नेमक्या याच जागी अशा पुळ्या येतात. मिसरूड फुटलं म्हणून तुला कोणी इंजेक्शन टोचलं होतं का? तो मासा ठणठणीत होता.

खरा ठिपक्यांचा रोग आला असता तर अंगावर, परांवर, शेपटीवर कुठेही रवा भुरभुरल्यासारखे कण दिसले असते. मासा पर अंगाशी आवळून बसला असता, दगडावर अंग घासत सुटला असता आणि दोन-चार दिवसांत शेजारच्यांनाही लागण झाली असती. तो परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. बाहेर पडून पाण्यात पोहायला लागला की औषधाने मरतो. म्हणून ते औषध ठरल्या मापाने, ठरल्या दिवसांनी पुन्हा पुन्हा द्यायचं असतं. तू अख्खी बाटली एका दमात उपडी केलीस.

तेवढंच केलं असतंस तरी एखादवेळेस निभावलं असतं. पण त्याआधी तुला स्वच्छतेचा झटका आला होता. सगळं पाणी काढलंस, वाळू खळखळून धुतलीस, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केलास आणि नगरपालिकेचं पाणी सरळ नळीने टाकीत सोडलंस. आठवीपासून नायट्रोजन चक्राची आकृती बाण काढून गिरवतोस ना? ते चक्र त्या कळकट स्पंजमध्ये चालू होतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. स्पंजवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, म्हणून मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरत नाही. ही वस्ती बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. तू ती एका दुपारी गटारात सोडलीस, उरलीसुरली क्लोरीनने आणि निळ्या औषधाने संपवलीस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आणि टाकी केवढी? 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. गुणाकार कर. 54 लिटर, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 धर. त्यात सहा गोल्डफिश, जे नीट वाढले तर प्रत्येकी वीतभर होतात. एवढ्या पाण्यात, जिवाणूंशिवाय, अमोनिया साचायला कितीसा वेळ लागणार?

माशांनी तुला सांगितलं नाही असं म्हणू नकोस. त्याच संध्याकाळी साही जण वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. तुला वाटलं, भूक लागली. मूठभर दाणे टाकलेस. म्हणजे श्वास कोंडलेल्याला बासुंदी वाढलीस, आणि न खाल्लेले दाणे कुजून अमोनियात आणखी भर. मंगळवारी ते तळाशी पर मिटून पडले. तुला वाटलं, झोपले. बुधवारी दगडावर अंग घासत होते, म्हणजे कल्ल्यांची आग होत होती. तू व्हिडिओ काढलास आणि खाली लिहिलंस, ‘मस्ती चालू आहे.’

आता एक गोष्ट डोक्यात कोरून ठेव. एकच मासा मलूल असेल तर त्या माशाकडे बघ. एका दिवशी सगळेच्या सगळे मलूल झाले तर आधी पाणी तपास. वर येणारा प्रत्येक मासा आजारीच असतो असंही नाही. तुझ्या बहिणीचा फायटर मासा मधूनमधून वर येऊन हवा घेतो, ती त्याची रीतच आहे. त्याला हवेतून श्वास घेणारा वेगळा अवयव असतो. गोल्डफिशला तो नाही. म्हणून कुठला मासा, किती जण, कुठल्या वेळी, काय केल्यानंतर, हे चार प्रश्न आधी विचारायचे आणि मग बाटलीला हात लावायचा. आज मी हे पाणी तपासूही शकत नाही. अमोनियाची परीक्षा रंगावरून कळते, आणि तू पाणी निळं करून ठेवलंयस. औषधाने रोग गेला नाही, पुरावा मात्र गेला.

तीन अजून जिवंत आहेत ना? मग नाक पूस आणि ऐक. घरी जाऊन तिसरा हिस्सा पाणी बदल. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार हवं, त्यात अँटिक्लोरीनचे थेंब मापून टाक. एअर पंप रात्रंदिवस चालू. दोन दिवस दाणा बंद. तेवढ्या उपासाने गोल्डफिश मरत नाही. उद्या पुन्हा तेवढंच पाणी बदल, परवा पुन्हा. माझ्या टाकीतला जुना, मळका स्पंज पिशवीत घालून देतो, तो तुझ्या फिल्टरशेजारी ठेव. खबरदार धुशील तर! फिल्टर कधी धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच बुचकळायचा.

आणि ही शंभर पानी वही. रोज सकाळी दाणा टाकण्याआधी दहा मिनिटं टाकीसमोर बसायचं. कोण कुठे आहे, कल्ले किती वेगाने हलतात, पर उघडे की मिटलेले, विष्ठा कशी आहे, पाणी कधी आणि किती बदललं, एवढंच लिहायचं. रोगाचं नाव लिहायचं नाही, ती तुझी पायरी अजून आलेली नाही. पुढच्या शुक्रवारी वही माझ्या टेबलावर हवी. तिच्यात ‘अचानक’ हा शब्द दिसला, तर ते पान फाडून तुझ्याच हाताने पुन्हा लिहून घेईन.

जा आता. आणि डबा घेऊन जा. तिघांना कुंडीत पुरायचं काम तुझं आहे.