राखणीचे आयुष्य

मुळा-मुठेच्या काठावरचे राहू घ्या किंवा राहूबेटातले दुसरे कुठलेही गाव घ्या. एखादे वयोवृद्ध माजी सैनिक गेले की दुपारच्या आत चौकात फ्लेक्स लागतो. गणवेशातला जुना फोटो, मागे तिरंगा, कोपऱ्यात रणगाडा आणि खाली ओळ : १९७१ च्या युद्धातील वीर योद्धा. दहाव्याच्या भाषणांतही तेवढेच. बोलणाऱ्यांचा आदर खरा असतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्या आदरातून माणसाचे बहुतेक आयुष्य गळून पडते आणि ते कोणाला खटकतही नाही.

ते युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले. १६ ला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडी शांत झाली. म्हणजे पंधरवडा. त्या वेळी विशीत असलेला शिपाई पेन्शनपुरती पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि पुढे आणखी चाळीस वर्षे जगतो. या चाळीस वर्षांत कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला, कोणी ऊस केला. ज्याचे अक्षर चांगले आणि आकडेमोड पक्की, तो विकास सोसायटीच्या, दूध संस्थेच्या किंवा पतसंस्थेच्या हिशेबाला बसला. किर्द, खतावणी, तेरीज, मार्चअखेरचे नवे-जुने, लेखापरीक्षकाचे दोषदुरुस्तीचे कागद. सरकार त्याला दर नोव्हेंबरात एकच गोष्ट विचारते, ती म्हणजे हयात आहात का. हयातीत काय केले, हे विचारायचे काम गावाचे आहे.

यावर ठरलेले उत्तर मिळते : हिशेब काय, कोणीही लिहिला असता, लढायला मात्र छाती लागते. हे मत इतके सर्वमान्य आहे की ते मत आहे हेच आपण विसरलो आहोत. मला ते साफ चुकीचे वाटते.

माणसाच्या जागी माणूस उभा करण्याची सर्वात पक्की सोय जर कुठे असेल, तर ती सैन्यात. तिथे प्रत्येकाला क्रमांक असतो, आणि एक पडला तर दुसरा पुढे येईल याची तजवीज आधीच केलेली असते. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावे नाहीत. जे परत आले त्यांचा आकडा तर वाचणाऱ्याने वजाबाकी करून काढायचा. युद्धातला पराक्रम माणसाला अद्वितीय करतो म्हणणाऱ्यांनी त्या पाटीसमोर थोडा वेळ उभे राहावे. उलट, तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा की हिशेबनीस बदलला तर सोसायटीत काय होते. कोणाच्या उताऱ्यावर न उचललेल्या कर्जाचा बोजा चढतो, कोणाचा भरणा पावतीवर असतो आणि खात्यावर नसतो. ‘कोणीही लिहिला असता’ हे वाक्य त्याच्यासमोर टिकत नाही.

आणि हा गैरसमज आजचा नाही. नाना फडणवीस पानिपतावर होता तेव्हा एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता. आई तिथेच अंतरली, स्वतः जीव वाचवून परतला, आणि ते दिवस त्याने स्वतःच्या आत्मवृत्तात लिहूनही ठेवले. त्यानंतर १८०० मध्ये मरेपर्यंत त्याने फड सांभाळला, मधली काही वर्षे सगळे राज्यही. लोकांनी त्याला साडेतीन शहाण्यांत अर्धा ठरवले. कारण काय, तर तलवार चालवता येत नव्हती. त्याच्या राजकारणावर हवी तेवढी टीका करावी, मीही करीन. पण दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दफ्तराची शिस्त कशी विसकटली ते पाहिले, तर उरलेला अर्धा शहाणपणा कुठे होता हे कळायला हरकत नाही.

युद्धाची आठवणच नको म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गेलेल्या माणसाचे आयुष्य त्यांच्या तत्त्वासाठी पुसता येत नाही. आणि आठवण ही घरच्यांची खासगी बाब, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की ज्याच्या हातून साऱ्या गावाचा पैसा गेला, त्याची आठवण खासगी कशी?

माझ्या मते फरक करायचा तो लढाई आणि लेखणी यांत करू नये. तो प्रसंग आणि राखण यांत करावा. प्रसंग दिसतो, सांगता येतो, त्याला साक्षीदार असतात. राखण नीट झाली तर काहीच घडत नाही. दिवसभर माळ्यावर बसून गोफण चालवणाऱ्याच्या नावावर संध्याकाळी फक्त न खाल्लेली कणसे असतात. सोसायटीत चाळीस वर्षे अपहार झाला नाही, याचीही बातमी होत नाही.

पण फौजेतली नोकरी तरी वेगळी कुठे असते? पंधरवड्याची लढाई सोडली तर बाकी वर्षे चौकीवर, बर्फात, वाळूत, पहाऱ्यावर जातात, आणि त्या पहाऱ्याचे यश हेच की त्या रात्री काही झाले नाही. म्हणून ‘आधी सैनिक, मग हिशेबनीस’ अशी त्या आयुष्याची दोन तुकड्यांत वाटणी मला मान्य नाही. तो माणूस दोन्हीकडे एकच काम करत होता. फ्लेक्सने नेमके त्याच्या नोकरीतले अपवादाचे दिवस उचलले आहेत.

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि तिच्या अहवालात दुखवट्याचा ठराव असतो. त्यात नेत्यांपासून अज्ञातांपर्यंत सगळ्यांना एकाच ओळीत श्रद्धांजली वाहिली जाते. तिथे अशा माणसासाठी वेगळा परिच्छेद लिहावा : कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत दफ्तर त्यांच्याकडे होते, त्या वर्षांत लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता मिळत गेला, दफ्तर सोपवताना शिल्लक किती होती आणि ती जुळली का. लिहायला माहिती कमी पडणार नाही. सगळी त्यांच्याच अक्षरात कपाटात आहे.