विष गृहीत धरलेलं असतं

लिव्हर वाचवणाऱ्या वनस्पतीचा प्रयोग साधारण असा असतो. पांढरे उंदीर गटांत वाटतात. एका गटाला काहीच देत नाहीत. दुसऱ्याला फक्त विष देतात, बऱ्याचदा कार्बन टेट्राक्लोराइड. हे द्रव एकेकाळी ड्रायक्लीनिंगला वापरायचे. लिव्हर त्याचं विघटन करायला जातं, त्यातून एक आक्रमक रेणू तयार होतो आणि तो लिव्हरच्याच पेशींची आवरणं फाडतो. पेशींतले एन्झाइम रक्तात सांडतात. आपल्या रिपोर्टवर दिसणारे एसजीओटी, एसजीपीटी ते हेच. तिसऱ्या गटाला विष आणि सिलिमारिन हे आधीपासून माहीत असलेलं औषध, चौथ्याला विष आणि आपल्या वनस्पतीचा अर्क. शेवटी रक्त तपासतात, उंदीर मारून लिव्हर मायक्रोस्कोपखाली बघतात. चौथ्या गटाचे आकडे कमी आले, की वनस्पती 'यकृतरक्षक' ठरते.

नांदेड-लातूरकडच्या फार्मसीच्या पोरांना हा प्रयोग नवा नाही. त्यासाठी लागणाऱ्या वनस्पतीही लांबून आणाव्या लागत नाहीत. पावसाळ्यात सोयाबीनच्या रानात भुईआवळी उगवते, पाणी साचतं तिथे माका असतो, बांधावर घेटुळी पसरते. घेटुळी म्हणजेच आयुर्वेदातली पुनर्नवा. आपल्याकडे तिची भाजीही करतात. या तिन्हींवर असे प्रयोग झालेत आणि उंदरांमध्ये चांगले निकालही आलेत.

मला खटकतं ते निकालात नाही, प्रयोगाच्या रचनेत आहे. तिथे विष कायम असतं आणि फक्त वनस्पती बदलते. सॉफ्टवेअर टेस्ट करताना आम्हीही असंच करतो, एक गोष्ट पक्की धरून दुसरी बदलतो. त्याशिवाय काही कळणारच नाही. प्रश्न येतो तो ही रचना लॅबमधून उचलून आपण जगण्यावर लावतो तेव्हा. उंदराला विष कोण देतंय, का देतंय, ते थांबवता येईल का, हे विचारायची तिथे सोय नसते. माणसाच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न तोच हवा.

आता त्याच बांधाकडे बघा. घेटुळी आणि भुईआवळी शेतकऱ्याच्या लेखी तण. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. मग पाठीवर पंप आणि पंपात तणनाशक. त्यातलं एक पॅराक्वाट. ते पोटात गेलं तर किडनी, लिव्हर आणि फुप्फुसं निकामी करतं आणि त्यावर आजही उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे कृषी केंद्रात मिळतं. म्हणजे लिव्हर वाचवते अशी जिची ख्याती, ती वनस्पती आपण लिव्हर जाळणाऱ्या रसायनानं जाळतो. आणि मग तिचंच चूर्ण डबीत भरून 'लिव्हर डिटॉक्स' म्हणून विकत घेतो.

'संरक्षण' या शब्दात एक चलाखी आहे. संरक्षण करायचं म्हटलं की जबाबदारी ज्याला धोका आहे त्याच्या शरीरावर येते. २०१७ मध्ये नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हाही मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, असं मेलेल्यांनाच ऐकवलं गेलं. ती विषं मुख्यतः मज्जासंस्थेवर घाव घालणारी होती, लिव्हरच्या कुठल्याच काढ्याचा तिथे उपयोग नव्हता. दारूचंही असंच. लिव्हरची गोळी घेतली की आज बसायला हरकत नाही, हे गणित तुमच्याही ग्रुपमध्ये कुणीतरी मांडलं असेल. इथे गोळी उपचार राहत नाही, परवानगी होते.

यावर एक उलट प्रश्न येतो आणि तो खरा आहे. रोजानं फवारणाऱ्या माणसाच्या हातात विष थांबवणं नसतं. बांधावरचा पाला तेवढा असतो. तोही त्याच्याकडून काढून घ्यायचा का?

नाही. पण तो त्याला आपण उत्तर म्हणून द्यायचा नाही. एक तर वनस्पतीही रसायनच असते. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती दिशाभूल करणारी ठरवली. वनस्पती नक्की गुळवेलच होती का, हे तपासलं नाही, असा त्यांचा आक्षेप होता. वाद काहीही असो, पाला ओळखण्यात चूक होऊ शकते हे दोन्ही बाजूंना मान्य करावं लागेल. मग त्या चुकीची किंमतही फवारणाऱ्यानंच मोजायची का?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्याला पाला सुचवणारे आपण बहुतेक वेळा पंपापासून लांब असतो. आपल्याला स्वस्त तेल हवं असतं, स्वच्छ दिसणारी डाळ हवी असते. काढा सुचवायला काही लागत नाही. मजुराला निंदणीचे पैसे मिळावेत, पॅराक्वाटवर बंदी यावी, म्हणून बोलायचं तर काहीतरी सोडावं लागतं.

उंदराला कुणी विचारत नाही, तुला अर्क हवा की विषातून सुटका. फवारणाऱ्याला विचारता येतं. तो आपली भाषा बोलतो.