ओझ्याचा जमाखर्च

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी लागतात. एक चष्मा आणि दुसरी विरक्ती. चष्म्याचा नंबर काढून मिळतो, विरक्तीचा मिळत नाही, एवढाच काय तो फरक. माझ्या विरक्तीचा नंबर फार मोठा नसावा. कारण मला संन्यास बिन्यास नको होता. (तेवढी रजाही शिल्लक नव्हती.) मला फक्त पाठीवर एक पिशवी टाकून, एकट्याने, आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून चार दिवस पायी फिरायचं होतं. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी नमस्कार करावा, डांबरी सडक सोडून धुऱ्याधुऱ्याने निघावं, रात्र होईल तिथे पडावं आणि लोणारच्या सरोवराशी पोचून 'आलो बुवा!' असं स्वतःलाच सांगावं, इतकीच महत्त्वाकांक्षा.

आता 'रात्र होईल तिथे पडावं' हे वाक्य लिहायला सोपं आहे. पडायचं कशात, हा प्रश्न उरतोच. म्हणून मी तंबूच्या शोधाला लागलो.

तंबू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सर्कस तरी येत असे, नाहीतर लग्नातला आचारी. पण दुकानदाराने जी वस्तू पुढे ठेवली ती माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा थोडीशीच मोठी होती. वजन सातशे ग्रॅम! म्हणजे भाजीबाजारातलं पाऊण किलो वांगं जास्त भरेल. मी विचारलं, "यात काठ्या कुठे आहेत?" तो म्हणाला, "काठ्या तुमच्याच, साहेब. चालताना हातात असतात ना, त्याच रात्री आत उभ्या करायच्या. म्हणून तर वजन कमी."

दिवसभर मी काठीच्या आधाराने उभा आणि रात्री तंबू त्याच काठीच्या आधाराने उभा! ही कल्पना मला फार आवडली. आमच्या बँकेत एकाच शिपायाकडून दिवसा चहा आणि संध्याकाळी शटर अशी दोन कामं करून घेतात, त्यातलाच प्रकार.

मग मी अभ्यासाला बसलो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला काही समजत नाही. पहिला रकाना कापडाचा. सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन स्वस्त, पण दवाने भिजलं की सैल पडतं, मध्यरात्री उठून दोर ताणावे लागतात. पॉलिएस्टर तितकं सैलावत नाही. डायनीमा नावाचं एक कापड आहे, ते सगळ्यांत हलकं. इतकं की विकत घेतल्यावर खिसाही हलका होतो. दुसरा रकाना भिंतींचा. एकेरी भिंतीचा तंबू हलका खरा, पण रात्रभर आपण जो श्वास सोडतो त्याचंच पाणी होऊन पहाटे आपल्याच कपाळावर ठिबकतं. कर्मविपाक इतक्या तातडीने घडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. दुहेरी भिंतीचा घेतला तर ठिबकणं अंगावर येत नाही, पण वजन वाढतं.

एवढं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की या वस्तूला आपल्याकडे शेकडो वर्षांपासून नाव आहे. पाल! (हे नपुंसकलिंगी. स्त्रीलिंगी पाल भिंतीवर असते आणि ती चुकचुकते.) आपल्या भागात मेंढरं घेऊन फिरणारे धनगर काय किंवा कच्छकडून उंट घेऊन विदर्भात उतरणारे रबारी काय, काठी आणि कापड यावर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. आपण विंचवाचं बिऱ्हाड म्हणून ज्याला हसलो, ते आता पाठीवर मावेल अशा रंगीत पिशवीत घालून काचेच्या कपाटात ठेवलेलं आहे.

खरी मेख पुढेच आहे. तंबूंचे दोन वर्ग असतात. एक घुमटासारखा. त्याला स्वतःच्या लवचीक दांड्या असतात, तो कुठेही, अगदी फरशीवरही, आपला आपण उभा राहतो. पण तो जड. दुसरा हा काठीवाला. तो हलका, पण चारी बाजूंनी दोर ताणून खुंट्या ठोकल्याशिवाय क्षणभर उभा राहत नाही. आणि आपल्याकडची काळी माती म्हणजे खुंटीची वैरीण! पावसाळ्यात खुंटी लोण्यात सुरी जावी तशी आत जाते आणि तशीच बाहेर येते. उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडतात की खुंटी हातातून सुटली तर पाताळातच शोधावी लागेल. मग दगड शोधा, झुडूप शोधा, धुऱ्यावरचं बाभळीचं खोड शोधा आणि दोर त्याला बांधा.

म्हणजे पाहा, जो स्वतःच्या पायांवर उभा राहतो तो जड असतो. जो हलका असतो तो दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो. तंबूबद्दलचं हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि मला जरा अस्वस्थ वाटू लागलं, कारण ते तंबूपुरतं वाटेना.

आम्ही हिशेबातली माणसं. जे येतं ते नावे, जे जातं ते जमा, हे पहिल्या वर्षी घोकलेलं. कोणतीही रक्कम हवेत विरत नाही, ती एका खात्यातून उडाली की दुसऱ्या खात्यात सापडलीच पाहिजे. मग ओझ्याला हा नियम का नसावा? मी पाठीवरून पाच किलो कमी केले, तर ते पाच किलो पडले कुणाच्या खात्यावर?

या दृष्टीने मी जगातल्या हलक्या माणसांची खाती तपासायला घेतली. अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या आजीबाई होऊन गेल्या. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुलांना 'जरा फिरून येते' एवढंच सांगून त्या निघाल्या आणि अ‍ॅपलाचियन डोंगररांगेची तीन हजारांहून जास्त किलोमीटरांची वाट एकट्याने चालून गेल्या. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि तंबूच्या जागी न्हाणीघरातला मेणकापडी पडदा! पण खातं उलगडून पाहिलं तर दिसतं की कित्येक रात्री अनोळखी लोकांनी त्यांना घरात घेतलं, वाढलं. म्हणजे आजीबाईंचा उरलेला तंबू लोकांच्या ओसऱ्यांवर पसरलेला होता.

त्याच देशातले थोरोसाहेब १८४५ साली तळ्याकाठी झोपडी बांधून एकटे राहिले. झोपडीचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट, असा पै-पैचा हिशेब त्यांनी छापला आहे. (हा माणूस आमच्या शाखेत शोभला असता.) पण जमीन मित्राची, एमर्सनची होती, आणि झाडं तोडायला कुऱ्हाड उसनी आणलेली. फक्त एक गोष्ट त्यांनी आवर्जून नमूद केली आहे. कुऱ्हाड परत केली तेव्हा ती आणली होती त्यापेक्षा जास्त धारदार होती.

आणि आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर वाघाचं. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरणा वाघ निघाला. तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला आणि काही महिन्यांनी आपल्या ज्ञानगंगेत येऊन थांबला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची सगळी चाल नोंदली गेली. एकूण भरली तीन हजार किलोमीटर. लोकांनी त्याचं नावच 'वॉकर' ठेवलं. ना तंबू, ना पिशवी, ना काठी! इतका हलका प्रवासी आपल्या जिल्ह्याने दुसरा पाहिला नसेल. पण वाटेतली रानडुकरं आणि काही शेतकऱ्यांची गुरं यांच्या खात्यावर या प्रवासाचा खर्च पडलाच. वाघाला जमाखर्च कळत नाही, म्हणून त्याला माफ.

माणसाला मात्र कळतो. गाडगेबाबांना तर आपल्या कुणाहीपेक्षा जास्त कळला. १९०५ साली घर सोडलं ते अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक गाडगं घेऊन. यापेक्षा हलकी पिशवी कोणत्याही दुकानात मिळायची नाही. पण ज्या गावात भाकरी खायची, त्या गावाचे रस्ते आधी खराट्याने झाडायचे. आणि ज्या माणसाला स्वतःला छप्पर नको होतं, त्याने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. खातं असं मिटवावं लागतं. हलकं होणं गुन्हा नाही. पण त्याची दुसरी बाजू कोण लिहितं?

हे सगळं मी रात्री जेवताना घरात मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आमच्या सौ.ने आमटी वाढता वाढता विचारलं, "तुम्ही चार दिवस हलके होणार. मग तुमचं इथलं ओझं कुणाच्या नावे टाकणार?"

मी जरा वेळ आमटी पाहिली. आईचा उजवा पाय दोन वर्षांपासून चालत नाही. तिला उठवणं-बसवणं, गोळ्या, नळ येईल तेव्हा पाणी, मुलीची शिकवणी. यातला माझा वाटा लहान आहे, पण तो आहे.

"आणि एक सांगू का?" ती म्हणाली. "तुम्ही एकटं राहायला जाणार म्हणताय. लग्नाला एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत मी एक रात्र तरी एकटी होते का, आठवून सांगा."

मी आठवू लागलो. बाळंतपणात? तेव्हा बाळ होतं. माहेरी? तिथे सासरपेक्षा जास्त माणसं. मी प्रशिक्षणाला गेलो तेव्हा? आई होती. एकवीस वर्षांचं खातं पानपान उलटलं आणि शिल्लक निघाली शून्य.

त्या आठवड्यात गावाबाहेर मेंढरं बसली होती, तिथे एका म्हाताऱ्या धनगराला मी पालाबद्दल विचारलं. वाटलं, तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "एकट्यानं पाल उभं होत नसते, भाऊ. एकानं काठी धरा लागते, दुसऱ्यानं दोर वढा लागते." मी म्हणालो, "नवीन पाल एकट्याला जमतं, बाबा." तो म्हणाला, "उभं होत असन. पन मांगं मेंढरं कोन पाहते?"

शेवटी मी तंबू घेतला. एकाच माणसाचा, काठीवाला, दुहेरी भिंतीचा. खातं मात्र आम्ही बँकेच्या पद्धतीने संयुक्त ठेवलं. दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करावा, दुसऱ्याने तोवर शाखा सांभाळावी. आणि पहिला व्यवहार तिचा.

मी तिला लोणार सुचवलं, शेगाव सुचवलं. ती म्हणाली, "मला कुठे जायचं नाही. गच्चीवर लावून द्या. एक रात्र मला कुणी हाक मारायची नाही, बस."

गच्चीच्या स्लॅबमध्ये खुंटी जात नाही. मी एक दोर पाण्याच्या टाकीला बांधला, दोन तुळशीच्या वृंदावनाला आणि चौथा भिंतीतून वर आलेल्या लोखंडी सळईला. सळया आपल्याकडे प्रत्येक गच्चीवर असतात. पुढचा मजला बांधायच्या आशेवर ठेवलेल्या. काठी तिने धरली, दोर मी ओढला. मग मी खाली आलो. आईला दोनदा उठवलं, गोळी दिली, पहाटे नळ आला तेव्हा पाणी भरलं आणि साडेपाचला चहा टाकताना मला कळलं की दूध उतू जायला एकच क्षण लागतो आणि ओटा पुसायला बराच वेळ.

सात वाजता ती खाली आली.

"झोप लागली का?" मी विचारलं.

"मी झोपायला गेलेच नव्हते," ती म्हणाली आणि चहा घेऊन बसली.

माझ्या लोणारच्या चार दिवसांची तारीख अजून ठरायची आहे. अर्ज सौ.कडे विचाराधीन आहे. मंजुरी मिळेल असं दिसतं, पण तिने आणखी दोन रात्री आधी काढायच्या ठरवल्या आहेत. एकवीस वर्षांची थकबाकी आहे म्हणते. हिशेबाला हिशेब आहे. मी काही बोलू शकत नाही.