प्रतिकारशक्ती वाढवून कुणाचं भलं?

करोनाची साथ ओसरली, पण औषधाच्या दुकानात तिने आणून बसवलेला ‘इम्युनिटी बूस्टर’ काही हलला नाही. आता तो प्रोबायोटिकच्या कॅप्सूलवर आणि दह्याच्या पेयांवर झळकतो, वर ‘विज्ञानाने सिद्ध’ अशी मल्लिनाथीही असते. आतड्यातले जिवाणू आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं विज्ञानाने दाखवलं आहेच. पण त्यातला सगळ्यात भक्कम धागा नेमका उलट दिशेला जातो.

आंबट दुधातले जिवाणू आरोग्याला हितकारक म्हणणारा शास्त्रज्ञ मेचनिकॉफ सगळ्यांना ठाऊक आहे. हा उलटा धागा मात्र पित्ताम्लांचा, आणि त्यांच्या गोष्टीचा पूर्वार्धही निर्विवाद. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं, ती चरबी पचवायला मदत करतात आणि सुमारे 95 टक्के लहान आतड्याच्या शेवटाकडून पुन्हा यकृतात परततात. त्यांच्या रचनेवरच्या कामासाठी हाइनरिख वीलांडना 1927चं नोबेल मिळालं. त्यानंतर कित्येक दशकं पित्ताम्ल म्हणजे पोटातला साबण, एवढीच समजूत होती.

1999 मध्ये तीन संशोधक गटांनी दाखवलं, की पित्ताम्लं पेशीतल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला जोडली जातात आणि जनुकांचं काम बदलतात. ‘पित्ताम्लं हार्मोनसारखीही वागतात’ असं म्हणून आपण हा टप्पा उरकतो. माझ्या मते घोटाळा इथेच होतो. पित्ताम्ल हा संदेश असेल, तर त्यातला मजकूर कोण बदलतं, हा प्रश्न ओघानेच येतो. न परतलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू आधी त्यांना जोडलेलं ग्लायसिन किंवा टॉरिन तोडतात. मग क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजके जिवाणू एक हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात आणि डीऑक्सिकोलिक व लिथोकोलिक आम्लं तयार होतात. माणसाच्या पेशींना ही शेवटची पायरी जमत नाही. (दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसनाही नाही, त्यांतल्या अनेकांची मजल पहिल्या पायरीपर्यंतच.)

आणि हा बदललेला संदेश सांगतो काय? 2019 मध्ये हार्वर्डच्या जुन हू यांच्या गटाने लिथोकोलिक आम्लाची दोन रूपं उंदरांत तपासली. एकाने दाह पेटवणाऱ्या टीएच-17 पेशी रोखल्या, दुसऱ्याने दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढवल्या. दोन्ही रूपं लगाम घालणारी! अब्जावधी जिवाणूंना रोज सांभाळणाऱ्या आतड्यात प्रतिकारशक्ती सरसकट ‘वाढली’, तर जे होतं ते अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या दाहाच्या) रुग्णाला विचारावं.

मग ही आम्लंच गोळीत भरून विकावीत का? तेही सरळ नाही. क्लॉस्ट्रिडिऑइडेस डिफिसिल या जुलाबाच्या जिवाणूची वाढ डीऑक्सिकोलिक आम्ल रोखतं; अँटिबायोटिकने ते बनवणारे जिवाणू मेले, की या रोगाला रान मोकळं मिळतं. पण तेच आम्ल लठ्ठ उंदरांत यकृताच्या कर्करोगाला हातभार लावतं, असं जपानी संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं.

2020 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कोलायटिसमुळे मोठं आतडं काढावं लागलेल्या रुग्णांकडे पाहिलं. लहान आतड्यापासून त्यांच्यासाठी बनवलेल्या पिशवीत जिवाणूंनी घडवलेली ही आम्लं फार कमी होती, आणि ती बनवणारे जिवाणूही. उंदरांना ती आम्लं दिल्यावर आतड्याचा दाह उतरला. त्या रुग्णांत उणीव होती ती प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्याची, आणि त्यांनाही दुकानात ‘बूस्टर’च पुढे केला जातो.