चार पाकिटांचा दिवस

दुकानाचं शटर ओढून झालं असेल, किंवा काम घरातच चालत असेल तर शेवटची पिशवी बांधून कोपऱ्यात ठेवली असेल, तेव्हा हे वाचायला घ्या. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. हिशेबाची वही जवळ असू द्या, पण ती आत्ताच उघडू नका. मध्येच वाचन थांबवून नुसतं बसावंसं वाटलं, तर खुशाल बसा.

गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची डोळ्यांसमोर आणा. तारीख १५ मार्च १९५९. सात गृहिणी पोळपाट-लाटणं घेऊन बसल्या आहेत. शाळा फारशी कुणी पाहिलेली नाही. हाताला येणारी कला एकच, पापड लाटण्याची. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. दिवसभरात पापडांची चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्या पापडाला तेव्हा नावही नव्हतं. ‘लिज्जत’ हे नाव मिळालं १९६२ साली.

सात जणी आणि चार पाकिटं. या आकड्यांपाशी जरा रेंगाळा.

आता आपला पहिला दिवस आठवा. मामा, मावशी, शेजारच्या काकू यांनी कौतुकापोटी घेतलं ते सोडून द्या. ज्याचा तुमच्याशी काहीच संबंध नव्हता, असं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं? त्याने काय घेतलं, किती पैसे दिले, पुन्हा आलं का? चेहरा आठवेपर्यंत थांबा. बहुतेकांना पहिल्या दिवसाचा गल्ला आठवतो आणि पहिलं परतून आलेलं गिऱ्हाईक आठवत नाही. माझ्या मते धंदा सुरू होतो तो गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आल्यावरच.

गच्चीवर परत येऊ. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत असत. एक चांगला आणि एक जरा डावा, स्वस्तात विकायचा. छगनलाल पारेखांनी त्यांना सांगितलं की पापड एकाच प्रतीचा करा, दर्जा कधी खाली आणू नका, आणि हे काम धंदा म्हणूनच चालवा, हिशेब चोख ठेवा. ८० रुपयांचं कर्ज देणाऱ्याने दिलेला हा सल्ला त्या ८० रुपयांपेक्षा मोलाचा होता. विक्री वाढत नाही असं दिसलं की आपलं मन पहिल्यांदा याच वाटेने जातं. तेल थोडं हलकं वापरू, कापड जरा पातळ घेऊ, कुणाच्या लक्षात येतंय! तुमच्या कामात ती दुसरी, डावी प्रत कुठे शिरली आहे का? स्वतःला रागवायचं नाही. ती कुठे आहे ते नुसतं पाहून ठेवा.

मग पावसाळा आला. ऊन नाही तर पापड वाळणार कसे? पहिल्या वर्षी त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. नव्याने उभ्या राहिलेल्या धंद्यात चार महिने! पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरायचे आणि स्टोव्ह खाटेखाली पेटवायचा. बाहेर धो धो पाऊस, आत वाळवण चालू.

या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त आवडते ती ही खाट. यंत्र नाही, कारखाना नाही, मोठं कर्ज नाही. पण नुसतं हातावर हात ठेवून आभाळाकडे बघत बसणंही नाही. एक पावसाळा त्यांनी सोसला आणि दुसरा पावसाळा येण्याआधी तो सोसावा लागणार नाही इतपत सोय केली. धीर धरा असं सांगणारे फार भेटतात. धीर धरून त्या वेळात करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

तुमचा पावसाळा कोणता ते आता मनाशी आणा. परीक्षेच्या दिवसांत क्लासेसवाल्यांकडे गर्दी असते आणि मे महिन्यात शुकशुकाट. शिवणकाम दिवाळीला ओसंडून वाहतं, पितृपक्षात थांबतं. खेड्यातल्या दुकानदाराचा गल्ला पिकाचे पैसे हाती येण्यावर अवलंबून. दरवर्षी तेच महिने, आणि दरवर्षी आपण तितकेच हबकतो. मागच्या दोन-तीन वर्षांतले मंदीचे आठवडे डोळ्यांसमोर आणा. त्यांच्यासाठी, आज हाताशी असलेल्या पैशांत घेता येईल अशी खाट आणि स्टोव्ह कोणता? उत्तर लगेच सुचणार नाही. प्रश्न घेऊन झोपलात तरी चालेल.

पहिल्या वर्षीची त्यांची विक्री होती ६,१९६ रुपये. लाटणाऱ्या हातांची संख्या मात्र तीन महिन्यांतच पंचवीसच्या आसपास गेली होती आणि तिसरं वर्ष संपताना तीनशेवर. तोवर जागा पुरेना. तेव्हा मळलेलं पीठ बायकांनी घरी न्यायचं, लाटून वाळवून परत आणायचं, इथे वजन आणि पॅकिंग व्हायचं, अशी पद्धत बसली. आजही त्यांचा पापड हातानेच लाटला जातो. जागेची अडचण हीच कामाची पद्धत होऊन बसली, असं क्वचितच घडतं.

सगळंच जमत गेलं असं समजू नका. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. संस्था त्यापायी बुडाली नाही, कारण मूळ काम गिरगावात धडपणे चालू होतं. आपला एखादा प्रयत्न असा मालाडचा आहे का, केवळ सुरू केला म्हणून ओढत नेत असलेला? चिकाटी आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. फरक वहीत दिसतो.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. ज्याच्या डोक्यावर सावकाराचं व्याज चढतंय, त्याला हळूहळू वाढ असं सांगणं सोपं आहे आणि निर्दयही आहे. त्या सात जणींना हळू चालणं परवडलं, कारण कर्ज छोटं होतं आणि घराचा सगळा भार त्या पापडावर नव्हता. आणखी एक म्हणजे, तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. नफा-तोटा सगळ्या जणींचा, आणि लाटल्याची मजुरी मात्र रोजच्या रोज. मला यातलं हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. आपण धंदा सावकाश वाढवतोय म्हणताना कित्येकदा वाट पाहत असतं दुसरंच कुणीतरी. घरी बसून काजं-बटणं करणारी बाई, माल पोचवणारा पोरगा, मसाला उधार देणारा दुकानदार. धीर आपण दाखवायचा आणि तो पुरवायचा त्यांनी, असं चाललंय का?

१९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. म्हणजे गच्चीपासून तिथवर सात वर्षं. आज चाळीस हजारांहून अधिक बायका या कामात आहेत, आणि सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता वही उघडा. येणं किती आहे ते आज पाहू नका. देणं कुणाचं आहे तेवढंच पान काढा. त्यातलं जे नाव सर्वांत लहान रकमेचं आणि सर्वांत जुनं असेल, त्याचे पैसे उद्या सकाळी बोहनी होण्याआधी पोचते करा.